ढेळज, कणगी आणि पेव

मे महिन्याच्या सुट्टीतली एक संध्याकाळ. अण्णा अंगणात बाजेवर बसले होते. म्हणाले, "पोरी, तो बहात्तरचा लेख परत वाच की. त्या ओव्हरसियरचा."

काचबिंदूमुळे अण्णांची नजर गेल्या चार वर्षांत फार उतरली आहे. ते आता माझ्याकडेच असतात, आणि शाळेतून आल्यावर रोज अर्धा तास मी त्यांना काहीतरी वाचून दाखवते. कोणत्या लेखाबद्दल ते बोलताहेत हे मला लगेच कळलं. एका निवृत्त ओव्हरसियरनी स्वतःच्या ब्लॉगवर दोन भागांत लिहिलेला तो लेख होता. १९७२ च्या दुष्काळात एका पाझर तलावाच्या कामावर त्यांनी हजेरीपट सांभाळला होता. खडी फोडणाऱ्या बायका, पोरांना वाटली जाणारी सुकडी, रेशनवर मिळणारा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, आणि त्याच्या भाकरी थापताना होणारे हाल, सगळं त्यांनी साध्या शब्दांत लिहिलं होतं. अण्णा तेव्हा सतरा वर्षांचे होते आणि तशाच एका कामावर खडी फोडत होते. दोन वर्षांपूर्वी मी हा लेख त्यांना पहिल्यांदा वाचून दाखवला, तेव्हा वाचून झाल्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

"आहे माझ्याकडे, ठेवलाय मी," असं म्हणून मी फोन उघडला. आणि तासभर शोधत बसले.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तारांकित मेसेजमध्ये पाहिलं. ब्राउझरच्या बुकमार्कमध्ये पाहिलं. गॅलरीत स्क्रीनशॉट चाळले. शेवटी मी स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजांत एक ओळ सापडली. ओळ कसली, टक्क्यांची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरं-आकडे यांचा चार ओळी लांब ढीग. मराठी शीर्षक पत्त्यात असलं की असंच होतं. देवनागरीतल्या एकेका चिन्हासाठी पत्त्यात नऊ-नऊ इंग्रजी चिन्हं उमटतात, त्यामुळे दहा शब्दांचं शीर्षक असलेली लिंक वाचून ती कशाची आहे हे कुणालाच सांगता येत नाही. तारखेवरून अंदाज बांधला, लिंक दाबली. पान नव्हतं. नुसतं तेच पान नव्हे, तो सबंध ब्लॉगच नव्हता.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मग कात्रण नव्हतं का काढलं?"

मला लागेल असं त्यांनी काही म्हटलं नव्हतं, खरोखरचाच प्रश्न होता तो. पण मला तो रात्रभर पुरला.

अण्णांच्या कात्रणवह्या नऊ आहेत. जुन्या हिशेबाच्या लांबट वह्या, त्यांत मैद्याच्या खळीनं चिकटवलेली वर्तमानपत्राची कात्रणं. सगळ्यात पहिलं कात्रण १९७९ चं आहे, रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारीपासून लागू झाल्याची बातमी. प्रत्येक कात्रणाच्या कडेला त्यांच्या बारीक अक्षरात तीन गोष्टी असतात: तारीख, पेपरचं नाव, आणि ते का कापलं. "तात्यांना दाखवणे." "विहिरीच्या अर्जाला उपयोग." "आईला हे गाणं येत होतं." शेती, राजकारण, कुस्ती, आजारांवरची माहिती, सगळं एकाखाली एक, काहीही वर्गवारी नाही. तरीसुद्धा अमुक कात्रण काढा म्हटलं की ते वही मागतात, पानं बोटानं मोजतात आणि मला सांगतात, "बघ, इथं असंल." बहुतेक वेळा तिथंच असतं.

माझ्याकडे त्यांच्या शंभरपट साठा होता आणि मला एक लेख काढून देता आला नव्हता. त्या सुट्टीत मी शाळेच्या नोंदी सोडून दुसरं काही केलं नाही, हेच काम केलं. सात आठवडे लागले. कसं केलं ते इथे लिहिते आहे, कारण माझ्यासारख्या मराठीत वाचणाऱ्या, मराठीत साठवणाऱ्या माणसाला ज्या अडचणी येतात, त्या मला कुणीच आधी सांगितल्या नव्हत्या.

पहिला आठवडा नुसता मोजण्यात गेला. कुठे कुठे काय काय पडलं आहे याची यादी मी कागदावर केली. स्वतःला पाठवलेले मेसेज (व्हॉट्सअ‍ॅपनं ही सोय २०२२ च्या नोव्हेंबरअखेर आणली, त्याआधी मी बहिणीला घेऊन एक ग्रुप काढला होता आणि तिला त्यातून वगळून तो एकटीच वापरत होते). फोनच्या ब्राउझरचे बुकमार्क, शाळेच्या लॅपटॉपवरचे वेगळे बुकमार्क. टेलिग्रामवरचे जपलेले मेसेज. फेसबुकवर जपलेल्या पोस्ट. यूट्यूबवर "नंतर पाहा" म्हणून टाकलेले व्हिडिओ. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये चारशेच्या वर पीडीएफ. स्क्रीनशॉट तीन हजारांहून जास्त. आणि ब्राउझरमध्ये उघडे ठेवलेले टॅब. त्यांची संख्या मला कळेना, कारण अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये टॅब शंभराच्या पुढे गेले की चौकटीत आकडा दिसत नाही, हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह दिसतं. माझ्याकडे ते चिन्ह किती दिवसांपासून होतं कोण जाणे.

दहा जागा. एकाच माणसाच्या. यातली एकही जागा मी विचार करून निवडलेली नव्हती. ज्या वेळी जे बटण बोटाखाली आलं, तिथे ती गोष्ट गेली.

सुट्टीला आलेला भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्यानं मदत केली. व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट एक्स्पोर्ट केलं की साध्या मजकुराची एक फाइल मिळते, लॅपटॉपवरच्या क्रोममधून बुकमार्कचीही एक फाइल काढता येते. त्यानं या दोन्हींतल्या लिंक काढून एक तक्ता करून दिला. सतराशेच्या आसपास लिंक होत्या. मग रोज दोन तास बसून मी त्यांतल्या पहिल्या तीनशे उघडून पाहिल्या. जुन्या लिंकांपैकी कितीतरी मेलेल्या होत्या. बंद पडलेले ब्लॉग, जुनी पानं काढून टाकलेली वर्तमानपत्रांची संकेतस्थळं, नूतनीकरणात पत्ते बदललेल्या संस्था. मला वाटलं होतं की माझंच काही चुकतंय. पण अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ साली तपासलं तेव्हा २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. हा आकडा वाचला आणि माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. लिंक जपणं म्हणजे माणसाचा पत्ता लिहून ठेवणं. माणूस तिथं राहील याची ती हमी नव्हे.

पत्ता मात्र टाकून द्यायचा नसतो, हेही त्याच आठवड्यात कळलं. भाच्यानं मला इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन दाखवलं. ही संस्था १९९६ पासून जगभरच्या वेबपानांच्या नकला साठवते आणि २००१ पासून त्या कुणालाही पाहता येतात. जुना पत्ता तिथल्या चौकटीत टाकायचा; त्या पानाची नक्कल असेल तर वर्षांची पट्टी आणि कॅलेंडर येतं, ज्या दिवशी नक्कल घेतली त्या तारखेवर गोल दिसतो. मी ओव्हरसियरांच्या लेखाचा तो चार ओळींचा पत्ता तिथं टाकला. श्वास रोखून बसले होते, खोटं कशाला सांगू. एक गोल दिसला. एकच.

पहिला भाग मिळाला. फोटो आले नाहीत, चौकटी रिकाम्या होत्या, पण मजकूर शब्दन् शब्द होता. दुसऱ्या भागाच्या पत्त्यावर मात्र एकही नक्कल नव्हती. ती कुणी घेतलीच नव्हती. आणि त्याच पानावर मला कळलं की आपल्याला हवं ते पान "आत्ता जपा" असं सांगायची चौकटही तिथंच असते, कुणीही पत्ता टाकावा आणि नक्कल घ्यायला लावावी. दोन वर्षांपूर्वी लेख वाचला त्या दिवशी मी एवढंच केलं असतं तर, हा विचार मला अजून छळतो.

त्या संध्याकाळी अण्णांना पहिला भाग वाचून दाखवला. "आणि पुढचं?" त्यांनी विचारलं. पुढचं गेलं, म्हणाले मी.

आता नवी घडी कशी बसवायची हा प्रश्न होता. भाच्यानं उत्साहानं एका मोठ्या अ‍ॅपमध्ये माझ्यासाठी सगळं मांडून दिलं: तक्ते, रंगीत खुणा, विषय, उपविषय, "वाचायचे", "वाचून झाले" असे रकाने. दिसायला सुरेख होतं. पण एक लेख ठेवायला सहा रकाने भरावे लागत. दोन आठवडे मी रकानेच भरत होते, वाचत काहीच नव्हते. शिवाय सगळं त्या कंपनीच्या घरात. माझ्या डोक्यात तोवर दुसरंच भय बसलं होतं. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं हे मला आठवत होतं, तेव्हाचे माझे सहकारी त्यावर मराठी ब्लॉग वाचत. आणि मी हे सगळं करत असतानाच, ८ जुलै २०२५ ला, वाचायच्या गोष्टी जपून ठेवण्यासाठी जगभर वापरलं जाणारं पॉकेट बंद झालं. मी ते वापरत नव्हते, पण बातमी वाचून भाच्याला म्हटलं, "मला माझ्या घरातली जागा दे. भाड्याची नको."

त्यावर तो जे म्हणाला ते मला पटलं. म्हणाला, "मावशी, मग साध्या फाइली ठेव. टेक्स्ट फाइल वीस वर्षांपूर्वी उघडत होती, वीस वर्षांनीही उघडेल." त्यानं लॅपटॉपवर आणि फोनवर ऑब्सिडियन टाकून दिलं. ते अ‍ॅप आपल्याच फोल्डरमधल्या साध्या मजकुराच्या फाइली दाखवतं. उद्या ते अ‍ॅप नाहीसं झालं तरी फाइली नोटपॅडमध्ये उघडतील. मला एवढंच हवं होतं.

फोल्डरांना नावं काय द्यायची यावर एक पूर्ण संध्याकाळ गेली, आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही. भाच्याची नावं "इनबॉक्स", "अर्काइव्ह" अशी होती. ती माझ्या हाताला येईनात. अण्णा ऐकत होते. म्हणाले, "आपल्या वाड्यात काय होतं? माणूस आलं की आधी ढेळजंत बसायचं. रोजचं धान्य कणगीत. आन् वर्षा-दोन वर्षांचं पेवात."

हे त्यांनी सहज म्हटलं, पण मला सगळंच त्यात मिळालं. ढेळज म्हणजे वाड्याच्या दारातली जागा. येणारा-जाणारा तिथं टेकतो, सगळ्यांनाच आत घ्यायचं नसतं. कणगी म्हणजे बांबूची विणलेली, शेणानं सारवलेली, रोजच्या दाण्यांची. आणि पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. आमच्या मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात ज्वारी पिकते, तिथली ज्वारी पेवात घालायची रीत होती. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आतली हवा कोंडलेली, जीव जाऊ शकतो. आधी वारं खेळू द्यायचं. आत्ता लिहिताना जाणवतं की "पेव फुटणं" हा शब्दप्रयोग आपण सहज वापरतो, माहितीचं पेव फुटलंय वगैरे, आणि पेव ही मुळात जपायची जागा होती हे विसरून जातो.

तर तीन फोल्डर: ढेळज, कणगी, पेव. फोनवरून काहीही आवडलं की ते ढेळजेत जातं, दुसरीकडे कुठेच नाही. दर रविवारी दुपारी जेवणानंतर मी तासभर ढेळज झाडते. शाळेत किंवा घरात या महिन्या-दोन महिन्यांत लागणारं असेल ते कणगीत. कायम जपायचं ते पेवात. बाकीचं पुसून टाकते. आत न्यायचं तर एक अट आहे, आणि ती सरळ अण्णांच्या वहीच्या कडेवरून उचलली आहे: तारीख, कुठून घेतलं, आणि का ठेवलं याची माझ्या शब्दांत एक ओळ. ही तिसरी ओळ सुचली नाही तर ती गोष्ट आत जात नाही. पहिल्याच रविवारी ढेळजेतल्या साठ-सत्तर गोष्टींपैकी जेमतेम अकरा आत गेल्या. "चौथीच्या वर्गात मोजमाप शिकवताना." "अण्णांच्या डोळ्यांच्या थेंबांबद्दल डॉक्टरांना विचारायचं." "धाकट्या जावेला." उरलेल्या गोष्टी मी का ठेवल्या होत्या हे मलाच आठवेना.

आणि आत जातं ते पानच, पत्ता नव्हे. लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये सिंगलफाइल नावाची एक जोडणी मिळते, ती सबंध पान, त्यातले फोटो धरून, एकाच फाइलीत उतरवून देते. फोनवरच्या फायरफॉक्समध्येही ती चालते. त्यासोबत मजकूर निवडून साध्या फाइलीत चिकटवते आणि पत्ता वेबॅक मशीनलाही देते. तीन कामं मिळून दोन मिनिटं जातात. ही उतरवलेली नक्कल मी पुढे कुणाला पाठवत नाही. लेखकाचं लेखन आहे; कुणी मागितलं तर मूळ लिंक देते, मूळ जिवंत आहे तोवर.

आधी मी पीडीएफ करून ठेवत असे. ते सोडलं, आणि का ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथं मराठीची खरी अडचण सुरू होते. इंग्रजी पीडीएफमध्ये शब्द टाकला की सापडतो. मराठी पीडीएफमध्ये डोळ्यांना अक्षरं स्वच्छ दिसत असतात आणि शोधलं की पुष्कळदा एकही शब्द मिळत नाही. मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहिला तर वेलांट्या एकीकडे, जोडाक्षरं तुटलेली. काही जुन्या फाइलींत तर युनिकोड (सगळ्या यंत्रांवर एकसारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेले फाँट वापरलेले असतात, त्यांतून कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ हाती येतो. म्हणजे ती फाइल माझ्यासाठी चित्रासारखी. म्हणून मजकूर साध्या फाइलीत हवाच.

पण साध्या फाइलीतही शोध लागेना तेव्हा मी चक्रावले. पहिला भाग नीट ठेवला होता, आणि आठवड्यानंतर "1972" असं शोधलं तर काही मिळालं नाही. झालं असं होतं की फोनच्या कीबोर्डवरून मी इंग्रजी आकडे टाकले होते आणि लेखात मराठी आकडे होते. शोधणाऱ्या यंत्राला हे दोन्ही एकच आहेत हे ठाऊक नसतं. बरं, लेखात निम्म्या ठिकाणी नुसतं "बहात्तर" असं अक्षरी लिहिलेलं. मग मी वही घेऊन बसले आणि माझ्याच फाइलींत काय काय हुकतं ते लिहून काढलं. "अ‍ॅप" मधला पहिला स्वर एक सबंध अक्षर म्हणून टंकता येतो (ते स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं) किंवा "अ" वर चंद्र देऊन. दिसायला सारखं, यंत्राला वेगळं. "दुसऱ्या", "ऱ्हास" यांतला अर्धा र सुद्धा दोन प्रकारे टंकला जातो. "अनंत" आणि "अनन्त". "माहिती" ही कुणी "माहीती" लिहिलेली. "दुष्काळ" आणि "अवर्षण" हे तर वेगळेच शब्द.

यावर कुठलं अ‍ॅप मिळेल म्हणून मी शोधलं नाही, साधा उपाय केला. प्रत्येक फाइलीच्या वर, "का ठेवलं" या ओळीखाली, "हाका" नावाची एक ओळ घातली. मी, अण्णा किंवा शाळेतलं कुणी ही गोष्ट कुठल्या शब्दानं हाक मारून शोधील ते सगळे शब्द तिथं लिहायचे. बहात्तरच्या लेखाच्या हाका: दुष्काळ, बहात्तर, साल दोन्ही आकड्यांत, सुकडी, मिलो, खडी, पाझर तलाव, हजेरीपट, ओव्हरसियर, अण्णा. तेव्हापासून मला न सापडलेली गोष्ट विरळाच. मला विचाराल तर सगळ्या खटाटोपातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. मराठी मजकूर साठवणाऱ्या प्रत्येकाला मी हे हात धरून सांगेन.

फाइलींची नावंही मराठीत ठेवते, पण त्यातही ठेच लागली. लॅपटॉपवर लांबलचक मराठी नावं बिनतक्रार चालत होती, आणि फोल्डर फोनवर उतरवताना काही फाइली अडल्या. नाव फार लांब आहे, असा संदेश. भाच्यानं समजावलं: फोनवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि काना, मात्रा, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं. "मंगळवेढा" हा आपल्याला चार-पाच अक्षरांचा वाटणारा शब्द, त्यात आठ चिन्हं, म्हणजे चोवीस बाइट. अशा हिशेबानं एका नावात पंच्याऐंशीच चिन्हं बसतात. आता नाव आखूड ठेवते: आधी वर्ष, महिना, दिवस, मग तीन-चार शब्द. तारीख पुढे असल्यानं फाइली आपोआप क्रमानं लागतात.

या तारखेचा सगळ्यात मोठा फायदा झाला तो शासन निर्णयांना. प्राथमिक शाळेत नोकरी करणाऱ्याला जीआर म्हणजे काय ते सांगायला नको. वेतन, बदल्या, पोषण आहार, गणवेश, दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, "मॅडम, तो जीआर आहे का तुमच्याकडे?" शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या फाइलीचं नाव म्हणजे नुसता अठरा आकडी संकेतांक. तोच संकेतांक निर्णयाच्या शेवटी छापलेला असतो, आणि त्याचे पहिले आठ आकडे नीट पाहिले तर वर्ष, महिना आणि दिवसच असतो. इतकी वर्षं मी ते निरर्थक आकडे समजून फाइलींची नावं बदलत होते आणि मग कोणता निर्णय जुना, कोणता त्याला बदलणारा, हे कळत नव्हतं. आता संकेतांक तसाच राहू देते, त्यापुढे विषय चार शब्दांत लिहिते, आणि पीडीएफमध्ये शोध लागत नसल्यामुळे सोबत एक छोटी मजकूर-फाइल ठेवते: विषय, कोणाला लागू, कोणत्या आधीच्या निर्णयाची जागा घेतो, आणि हाका. चारशे पीडीएफपैकी निम्म्याहून जास्त एकाच निर्णयाच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती निघाल्या.

स्क्रीनशॉटचं काम कंटाळवाणं होतं, ते रोज शाळेच्या मधल्या सुट्टीत थोडं थोडं केलं. ज्यांच्यात खरोखर मजकूर होता त्यांतला मजकूर गूगल लेन्सनं काढून घेतला, छापील मराठी त्याला बऱ्यापैकी वाचता येतं. बाकी पुसले. गूगलच्या खात्यात मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी फुकट जागा असते, आणि माझी बहुतेक जागा या स्क्रीनशॉटनीच खाल्ली होती. त्यांत अण्णांच्या आधारकार्डाचे, पासबुकाचे फोटो सापडले तेव्हा मात्र दचकले. ते सगळीकडून काढले. ओळखीची कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये, या तीन फोल्डरांत त्यांना जागा नाही.

यूट्यूबची यादी आणि फेसबुकवरचं जपलेलं मी तसंच सोडून दिलं. तक्त्यातल्या उरलेल्या चौदाशे लिंकांची एक फाइल करून पेवात ठेवली आहे, "जुने पत्ते" या नावानं. कधी एखादी गोष्ट हवी झालीच तर पत्ता वेबॅक मशीनला देता येईल. त्या उघडून बसण्यात पुढची वर्षं घालवायची नाहीत, असं ठरवलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी तिन्ही फोल्डरांची एक प्रत ड्राइव्हवर आणि एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेते. डिस्क कात्रणवह्यांच्या पेटीतच असते.

दुसऱ्या भागाचा शोध मी सोडला नव्हता. शीर्षकातले शब्द वेगवेगळे लिहून पाहिले, शिक्षकांच्या दोन-तीन ग्रुपवर विचारलं, कुणी उतरवून घेतला असेल तर म्हणून. कुणाकडेच नव्हता. जुलैच्या शेवटी एका रविवारी मी ढेळज झाडत असताना अण्णा शेजारी येऊन बसले. मी म्हटलं, "अण्णा, पुढच्या भागात काय होतं तुम्हाला आठवतंय का?"

म्हणाले, "त्यांचं नाही आठवत. आमचं आठवतंय."

मी फोनचा रेकॉर्डर सुरू केला. ते चाळीस मिनिटं बोलले. आजी कामावर जाताना धाकट्या काकांना झाडाखाली झोळीत बांधायची ते. घण मारून हाताला आलेल्या फोडांवर काय लावायचे ते. हप्त्याच्या दिवशी मुकादम नावं पुकारायचा आणि आपलं नाव येईपर्यंत पोटात कसं व्हायचं ते. मधेच थांबले, पाणी प्यायले, मिलोच्या भाकरीच्या वासाचं सांगताना हसले. आवाजाची फाइल मी त्याच रात्री लॅपटॉप, ड्राइव्ह आणि डिस्क अशा तिन्ही ठिकाणी ठेवली, आणि पुढचे चार दिवस ऐकत ऐकत मजकूर उतरवून घेतला. उतरवताना त्यांचे शब्द बदलले नाहीत. घमेलं, टिकाव, फोड, सगळं त्यांच्याच तोंडचं.

फाइल पेवात ठेवताना तारीख लिहिली, "कुठून" समोर "अण्णांच्या तोंडून, घरी" असं लिहिलं, हाका लिहिल्या. "का ठेवलं" या ओळीपाशी थांबले आणि त्यांनाच विचारलं, "काय लिहू?"

त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "लिही, हजेरीपटावर नाव होतं म्हणून. आईचं बी होतं, तिचंबी लिही."

मी दोन्ही नावं लिहिली.